मोटार का जळते

त्या उन्हाळ्यात वीज यायची, पण नावापुरती. दिव्यातली तार नुसती लाल दिसायची आणि पंखा पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरायचा. विहिरींचं पाणी तळाला गेलं होतं. वीज आहे तोवर पाणी ओढून घ्यावं म्हणून सगळे एकदमच मोटारी चालू करायचे. मग वीज आणखी खाली बसायची. मोटारी गुरगुरायच्या, तापायच्या आणि शेवटी धूर सोडून गप्प व्हायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हातगाडीवरून, ट्रॅक्टरवरून, नाहीतर मोटरसायकलच्या मागे दोरीनं आवळून मिस्त्रींच्या दुकानासमोर यायच्या.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जमीन तेलानं काळी झालेली, आढ्याला मोटार उचलायची साखळी, भिंतीला तारेची रिळं. मिस्त्री बत्तीस वर्षं मोटारी भरत होते. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची वेटोळी छिन्नीनं कापून ओढून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, त्यांत कागद बसवायचा, नव्या तारेची वेटोळी साच्यावर गुंडाळून एकेक खाचेत उतरवायची, दोऱ्यानं बांधायची, वर वार्निश ओतायचं आणि उन्हात वाळवायचं. एका मोटारीला दीड दिवस लागायचा. हात बसलेला असेल तर एक.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावरच साखळी सुटली आणि एका मोटारीचं जड कवच मिस्त्रींच्या उजव्या हातावर आलं. तीन बोटं चेचली. डॉक्टरांनी मनगटापर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने हाताला काम सांगायचं नाही म्हणाले. तेव्हा दुकानासमोर अकरा मोटारी पडल्या होत्या.

मिस्त्रींची थोरली लेक घरी आली होती ती महिनाभरासाठी. वीज अभियांत्रिकीची मोठी पदवी घेऊन झाली होती आणि तिला पुढं पीएचडी करायची होती. धाकटीचं लग्न दोन वर्षांपूर्वीच झालं. थोरलीच्या आधी धाकटी उजवली म्हणून काकांनी चार लोकांत तोंड वाकडं केलं होतं, तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले होते, "धाकटीला घाई होती, थोरलीला नाही." थोरलीनं लहानपणापासून दुकानात बसून वेटोळी गुंडाळली होती. वडिलांचं प्लास्टर बघितलं आणि तिनं ओढणी कमरेला बांधली. कुणी तिला सांगितलं नाही, तिनंही कुणाला विचारलं नाही.

सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत ती मोटारी भरायची. नंतर पत्रा असा तापायचा की आत बसवत नसे. मग मागच्या खोलीत जमिनीवर ओलं पोतं टाकून ती लॅपटॉप उघडायची आणि पत्रं लिहायची.

"कुणाला एवढी पत्रं?" आईनं एकदा विचारलं.

"प्राध्यापकांना. ज्यांच्याकडे संशोधनाची जागा असेल त्यांना."

"आणि फी?"

"फी नाही. उलट तेच महिन्याला पैसे देतात. तशीच जागा शोधतेय."

आई कागदाच्या पट्ट्या कापत होती. पंचवीस वर्षं तिनं नवऱ्याला खाचांचा कागद कापून दिला होता. मापाला पट्टी लावायची तिला गरज नव्हती. "शिकायचं आणि वर पैसेही घ्यायचे," ती म्हणाली. "मग ती नोकरीच झाली की."

"तसंच काहीसं."

"मग मिळायला अवघड असणार."

अवघड होतंच. पहिल्या पंधरवड्यात थोरलीनं एकच पत्र साठ जणांना पाठवलं, वर 'आदरणीय महोदय' आणि खाली सगळे गुण. पाच उत्तरं आली. दोघांनी लिहिलं, निधी नाही. एकानं लिहिलं, स्वखर्चानं येणार असाल तर बोलू. एकानं नकार दिला, तोही तिच्याऐवजी दुसऱ्याच कुणाच्या नावानं. पाचवा म्हणाला, जाहिरात नियम म्हणून काढावी लागते, माणूस ठरलेला आहे. बाकी पंचावन्न ठिकाणी तिचं पत्र विहिरीत दगड टाकावा तसं गेलं. आवाजसुद्धा आला नाही.

मग तिनं रीत बदलली. एका दिवशी एकच पत्र. ज्याला लिहायचं त्याचे दोन-तीन शोधनिबंध आधी वाचायचे. कुणाकडे नवा निधी आलाय, कुणाचे जुने विद्यार्थी यंदा बाहेर पडतायत, हे धुंडाळायचं आणि मगच लिहायचं. बोटांना वार्निश चिकटलेलं असायचं, त्यामुळे लॅपटॉपची बटणंही चिकट झाली होती. एका पत्रात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिनं दुकानातलंच लिहिलं. मी लहानपणापासून दोनशेच्या वर जळालेल्या मोटारी उघडताना पाहिल्या आहेत. माझे वडील जळालेली वेटोळी बघून सांगतात, मोटार का जळाली. सगळी वेटोळी सारखी काळी असतील तर भार जास्त झाला. दोन फेजची काळी आणि एका फेजची कोरी असतील, तर तीनांतली एक तार येतच नव्हती. पण तीनही फेज चालू असताना त्यांतली एक जराशी दुबळी असली, तर आतल्या तारेवरचं आवरण हळूहळू कसं मरतं, ते डोळ्यांना दिसत नाही. मला ते शोधायचं आहे.

हे पत्र दूरच्या एका विद्यापीठातल्या मॅडमना गेलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. चार वर्षांची एक जागा आहे, निधी मंजूर आहे, तीन आठवड्यांत अर्ज आणि जुन्या शिक्षकांची दोन शिफारसपत्रं पाठवावीत.

एक पत्र ओळखीच्या बाईंनी त्याच दिवशी दिलं. दुसऱ्यासाठी तिला जुन्या कॉलेजात जावं लागलं, बसनं अडीच तास. विभागप्रमुख सरांनी तिला खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. जेवणाची वेळ झाली, ते तिच्यासमोरून डबा घेऊन गेले आणि परत आले. तीन वाजता हाक मारली.

"काय म्हणतेस? मोटारी भरतेस म्हणे."

"हो सर. वडिलांच्या हाताला लागलंय."

"बरं झालं आलीस. घरच्या पंपाचा दोन दिवस नुसता आवाज येतोय, पाणी चढत नाही. मागेच आहे क्वार्टर. बघून जा जरा, तोवर मी तुझं बघतो."

थोरली गेली. सरांच्या घराच्या मागच्या बाजूला, मोरीच्या पाण्यात उकिडवं बसून तिनं पंप उघडला. बेअरिंग झिजलं नव्हतं, पंख्यात चिंधी अडकली होती. ती काढून तिनं पंप चालू केला. सरांच्या बायकोनं खिडकीतून "झालं का?" असं विचारलं आणि खिडकी लावून घेतली. हात धुवायला पाणी मागावं की नाही याचा विचार करत थोरली क्षणभर उभी राहिली. मग त्याच पंपाच्या पाण्यात तिनं हात धुतले.

सरांनी काहीच लिहिलं नव्हतं. "तूच लिहून पाठव," ते म्हणाले. "मी सही करून पुढं धाडतो. चांगलं लिही हं. स्वतःबद्दल लिहायला लाजू नकोस."

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही.

स्वतःची शिफारस स्वतः लिहिणं म्हणजे आपल्याच पाठीवर थाप मारायला जाणं, हात पोचत नाही. दोन दुपारी तिनं खोडाखोड केली. तिसऱ्या दुपारी मिस्त्री प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून दारात बसले होते. ती म्हणाली, "बाबा, समजा कुणी तुम्हाला विचारलं की पोरगी कामाला कशी आहे, तर काय सांगाल?"

"एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नाही," ते म्हणाले. "आणि चुकलं तर लपवत नाही. ओढून काढते आणि पुन्हा भरते."

तिनं तेच लिहिलं, जरा मोठ्या शब्दांत. सरांनी सही केली.

मुलाखतीला सकाळी अकराची वेळ मिळाली. पडद्यावरच बोलायचं होतं, पण त्या वेळी दुकानात हातोडा वाजून चालणार नव्हतं. मिस्त्रींनी पावणेअकराला शटर ओढलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. आई मागच्या दाराशी उभी राहिली.

पडद्यावर तिघं होते. मॅडम, एक किडकिडीत चष्मेवाले प्राध्यापक, आणि तिसरे, जे शेवटपर्यंत बोलले नाहीत. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग बाहेर मोटरसायकल थांबली. आवाज ओळखीचा होता. फळबाग असलेला एक माणूस, सगळे त्याला बागवालेच म्हणत, त्याची मोटार आज देतो म्हणून सांगितलं होतं.

"शटर का पाडलंय, मिस्त्री?"

"तासाभरानं या. मोटार तयार आहे, बांधून देतो."

"तासाभरानं वीज जाईल. माझी झाडं वाळतायत, उघडा."

"आत पोरीची परीक्षा चाललीय."

"परीक्षा? घरात?" शटरवर हात आपटल्याचा आवाज आला. "बोटांबरोबर अक्कलही चेचली का तुमची? माणसं पाण्यावाचून मरतायत आणि हे पोरीची परीक्षा घेऊन बसलेत."

बाहेरची खुर्ची शटरसमोरून हलली नाही.

थोरलीनं लॅपटॉप जवळ ओढला. पडद्यावरचे चष्मेवाले म्हणाले, "तुम्ही लिहिलंय की वडील डोळ्यांनी बघून कारण सांगतात. ते बरोबर असतं हे कशावरून? तुम्ही कधी मोजलंय?"

"नाही."

"किती मोटारींची नोंद आहे?"

"नोंद नाही ठेवलेली."

"म्हणजे ऐकीव माहिती."

बाहेर बागवाले आता दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते. "ऐकीव नाही, सर," ती म्हणाली. "पाहिलेली आहे. पण मोजलेली नाही, हे खरं."

चष्मेवाल्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मॅडमनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती हलली, ते तिला कळलं नाही.

शटर उघडलं तेव्हा बागवाले निघून गेले होते. मिस्त्री खुर्चीतच होते. "झालं नीट?" त्यांनी विचारलं. थोरली म्हणाली, "झालं."

नऊ दिवसांनी मॅडमचं पत्र आलं. ती दुसरी आली होती. पहिल्यानं जागा घेतली. खाली मॅडमनी स्वतः लिहिलं होतं, तुझं उत्तर मला पटलं, पण निवड माझ्या एकटीची नव्हती. त्याच्याकडे मोजलेले आकडे होते, तुझ्याकडे नव्हते. पुढल्या वर्षी याच कामाला दुसरा निधी येईल असं वाटतं, खात्री देत नाही. तोवर मोज. काय आणि कशानं मोजायचं ते खाली दिलं आहे.

थोरलीनं ते दोनदा वाचलं आणि दुकानात जाऊन एका मोटारीची जळकी वेटोळी ओढायला बसली. तार निघेना. तिनं पाय देऊन ओढली तेव्हा ती एकदम सुटली आणि तळहात चिरत गेली. आईनं चिंधी बांधली.

"नाही म्हणाले?"

"दुसरी आले."

"दुसरी म्हणजे नाहीच," आई म्हणाली. चिंधीला गाठ मारून ती तिथंच बसून राहिली. उठायला हवं होतं, स्वयंपाक पडला होता, पण उठली नाही.

रविवारी काका आले. ते बोलायला लागले की मध्ये शिरायला फट नसायची. "वर्ष फुकट घालवणार आता? जवळच्या शाळेत शास्त्राला माणूस नाहीये, मी शब्द टाकतो. वहिनी, तुम्ही तरी सांगा. हातातलं सोडून पळत्याच्या मागे किती लागायचं?"

"हातातलं म्हणजे कुठलं, भाऊजी?" आई म्हणाली. "हातात तर मोटारी आहेत."

काकांनी चहा संपवला आणि ते गेले. पण त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. तिसऱ्या दिवशी थोरलीनं मॅडमनी सांगितलेली मोजयंत्रं मागवली, तीनही तारांतली वीज दर मिनिटाला टिपून ठेवणारी, मुठीएवढ्या पेटीतली. चार आली. तिनं एक वही आखली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारीचं कारण मिस्त्रींनी आधी डोळ्यांनी बघून सांगायचं, ते लिहायचं. मग भरलेली मोटार परत जाताना तिच्याबरोबर पेटी लावायची आणि त्या विहिरीवरची वीज दहा दिवस टिपायची.

लोक पेटीला घाबरले. वीज कंपनीची माणसं बिल वाढवायला ही पेटी लावतायत असं बोललं जाऊ लागलं. एका म्हाताऱ्यानं ती उपटून बांधावर फेकली. थोरली गेली, माती पुसली आणि त्याच्याशेजारी बसून त्याला आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. "ही तार बघा, आजोबा. बाकी दोघींपेक्षा कायम खाली आहे. तुमची मोटार दोन पायांवर चालतेय आणि तिसरा ओढतेय." म्हाताऱ्यानं त्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "लाव परत."

प्लास्टर निघालं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. डॉक्टरांनी मिस्त्रींना मूठ वळायला सांगितली. अंगठा आणि करंगळी आली, मधली तीन बोटं काडीसारखी ताठ राहिली. व्यायाम सांगितला. मिस्त्रींनी कोमट पाण्यात हात बुडवून रोज व्यायाम केला, पण बारीक तार चिमटीत धरता येणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. एका सकाळी थोरली विहिरींवरून परत आली तेव्हा ते एका खाचेत तार घालायचा प्रयत्न करत होते. तार निसटायची, ते पुन्हा उचलायचे. दारात लेक उभी आहे हे कळल्यावर त्यांनी तार खाली ठेवली आणि विचारलं, "पाऊस आहे का तिकडं?"

त्याच आठवड्यात आईनं साचा हातात घेतला. कुणाशी काही बोलली नाही. जेवणं आटोपली आणि एका टाकून दिलेल्या मोटारीच्या कवचासमोर मांडी घालून बसली. पहिलं वेटोळं सैल झालं, दुसऱ्याच्या तारेचं आवरण सोललं गेलं. मिस्त्री शेजारी स्टूल ओढून बसले. "अगं, डावीकडून चौथी. चौथी म्हटलं. ती पाचवी."

"मोजता येतं मला."

"मग मोज की."

असे दोघं सहा महिने बसले. लग्नाच्या एवढ्या वर्षांत ती इतकं कधी भांडली नव्हती, असं आई धाकटीला फोनवर सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज थकलेला नसायचा. गिऱ्हाइकांना मात्र पटेना. "वहिनींनी भरलेली नको, पोरगी असेल तर तिच्याकडून भरा," असं तोंडावर म्हणायचे. बागवाल्यांनी तर मोटार उचलली आणि शहरात नेऊन भरून आणली. जाताना म्हणाले, "हे काय स्वयंपाकघर आहे का?" आईनं हातातलं काम थांबवलं नाही. मान मात्र लाल झाली होती.

ती मोटार सात आठवड्यांत परत आली. बागवाल्यांनी स्वतः उतरवून दारात ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "बघा जरा."

"ठेवा तिथं," आई म्हणाली. "तुमच्या आधी तीन आहेत."

थोरलीनं मध्येच विचारलं, "तुमच्या विहिरीवर पेटी लावू का?" हंगामभर त्यांनी लावू दिली नव्हती. आता त्यांनी मान हलवली.

वर्ष सरत आलं तेव्हा वहीत एकशे सोळा मोटारी झाल्या. थोरलीनं वडिलांची कारणं एका बाजूला आणि पेटीचे आकडे दुसऱ्या बाजूला मांडले. चौऱ्याण्णव वेळा जुळलं. बावीस वेळा नाही. त्या बावीसही ठिकाणी मिस्त्रींनी 'भार जास्त' म्हटलं होतं, आणि आकडे सांगत होते की भार नेहमीएवढाच होता, एक तार मात्र दहाही दिवस दुबळी होती. तिला हवं होतं ते नेमकं या बावीसांत होतं. आणि हे वडिलांना सांगायचं कसं, म्हणून ती दोन दिवस वही मिटून फिरत होती.

शेवटी त्यांनीच विचारलं. "काय निघालं?"

तिनं वही समोर ठेवली. मिस्त्रींनी चष्मा लावला आणि ताठ बोटांनी एकेक ओळ खाली उतरत गेले. बाहेर आई कवचावर वार्निश ओतत होती, त्याचा उग्र वास आत येत होता.

"बावीस वेळा चुकलो?"

"चुकलात असं नाही, बाबा. ते डोळ्यांना दिसतच नाही."

"बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो, तुम्ही जास्त ओढलंत, म्हणून जळाली." त्यांनी चष्मा काढला. "भांडणंही झाली कुणाकुणाशी. त्यांनी ओढलंच नव्हतं तर."

"हे पुढं पाठवायचंय," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर तुमचं नाव नको घालायला. नुसतं 'एक कारागीर' लिहिते."

"नाव घाल," मिस्त्री म्हणाले. "आणि बावीसच्या बावीस लिही. चुकलं ते ओढून काढायचं असतं."

दुसरा निधी आला. या वेळी अर्ज पंचेचाळीस होते, असं नंतर कळलं. चष्मेवाले प्राध्यापक पुन्हा समोर होते. त्यांनी वहीची पानं आधीच वाचली होती आणि त्यांचे सगळे प्रश्न त्या बावीसांवरच होते. आकडे किती दिवसांचे, पेटीची चूक किती धरली, ऊन आणि ओल वेगळी कशी काढली. दोन प्रश्नांना तिनं "माहीत नाही, तिथं येऊन शोधावं लागेल," असं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा काहीतरी लिहून घेतलं. त्या दिवशी दुकान बंद नव्हतं. आईचा हातोडा चालू होता आणि मॅडमनी एकदा विचारलंही, मागे काय वाजतंय. थोरली म्हणाली, "आई मोटार भरतेय."

निवडीचं पत्र आलं त्यात चार वर्षांची जागा, दर महिन्याला विद्यावेतन, फी माफ, आणि हजर व्हायची तारीख होती. तारीख बरोबर हंगामाच्या तोंडावर पडत होती. काका आले. या वेळी ते कमी बोलले. "दादा, तू ताठ बोटांचा, वहिनी नवशिकी, आणि पोरगी चालली. हंगाम कोण काढणार?" एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन दिवस मिस्त्री कुणाशीच फारसे बोलले नाहीत. थोरलीनं बॅग बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली. वडिलांच्या गप्प बसण्याचा अर्थ, त्यांना आपण जायला नको आहे, असा तिनं आपल्या मनानं लावला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई एका मोटारीची वेटोळी बांधत होती. दोऱ्याचा एक पदर दातांत, एक हातात. मिस्त्री स्टुलावर होते. थोरली रिळं आवरत होती.

"मला एक सांग," मिस्त्री म्हणाले. "तू तिथं चार वर्षं करणार काय?"

"मोटार का जळते ते शोधणार."

"आणि कळल्यावर?"

"कळल्यावर, जळायच्या आधीच ओळखता येईल. एखादी साधी पेटी करता येईल, वीज बिघडली की मोटार आपोआप बंद करणारी. स्वस्तातली, कुणालाही घेता येईल अशी."

"म्हणजे मोटारी जळणार नाहीत."

"पुष्कळशा नाहीत."

मिस्त्रींनी दारासमोर पडलेल्या मोटारी मोजल्या. सात होत्या. "म्हणजे तुला जमलं," ते सावकाश म्हणाले, "तर आपलं दुकान बंद."

थोरलीच्या हातातलं रीळ तसंच राहिलं. वर्षभर एकेक मोटार मोजताना ही गोष्ट तिच्या मनात एकदाही आली नव्हती. आईनंही दोरा ओढायचा थांबवला.

"बाबा, तसं नाही…"

"तसंच आहे. मी दोन दिवस विचार केला, तसंच आहे." त्यांनी ताठ बोटं डाव्या हातानं चोळली. "कुणाची मोटार जळाली की आपल्या घरी चूल पेटायची. लोक रडत यायचे आणि मी मनात म्हणायचो, चला, आणखी एक आली. बरं नाही वाटायचं. पण दुसरं काय येत होतं मला? जा तू. नीट शोध."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत येत होतं. गाडीवर मोटार होती.

"फक्त घाई करू नकोस," मिस्त्री म्हणाले. "चार वर्षं दिलीत ना त्यांनी, तर पुरी चार घे. तुझी आई आत्ता कुठं धंदा शिकलीय."

आईनं दातांतला पदर सोडला. "मी शिकलेय, तुम्ही शिका आता गप्प बसायला," ती म्हणाली आणि मान वर न करता लेकीला म्हणाली, "गाडी आली बघ. जाऊन मोटार उतरवून घे, गाडीवाल्याला एकट्याला झेपायची नाही."

थोरलीनं रीळ खुंटीला लावलं आणि ती बाहेर गेली.